जाळीचे पडदे

आमच्या गावात ‘व्हॉइड’ हा शब्द विल्फ सगडनइतका कुणी वापरला नसेल. नगरपालिकेचं घर भाडेकरू मेल्यावर रिकामं पडलं, की ते व्हॉइड. जमिनीच्या फळ्यांखालची पोकळी, तीही व्हॉइड. निवडणुकीत तो मतं मोजायला बसे, तिथे बाद मत म्हणजे व्हॉइड. नगरपालिकेत एकतीस वर्षं त्याचं काम एकच: अशी घरं पार मोकळी करायची. गालिचे उपटायचे, दिवेसुद्धा काढायचे. फक्त पुढच्या खिडकीचे जाळीचे पडदे तो राहू द्यायचा. म्हणायचा, “घर ओकंबोकं दिसलं, की टवाळ काचा फोडतात. पडदे असले, की वाटतं आत कुणीतरी आहे.”

लग्न त्याने केलं नाही. जन्मला त्याच घरात आईबरोबर राहिला. फेब्रुवारीत आई गेली आणि नियम त्याच्यावरच उलटला. घर नगरपालिकेचंच. वडिलांमागे त्याचं भाडेपत्र आईच्या नावावर झालं होतं, आणि नियमाने असं एकदाच होतं. दुसऱ्यांदा नाही. हे त्याने आजवर कितीतरी रडत्या माणसांना समजावलं होतं. तरी घर आपल्याला मिळावं म्हणून वेड्या आशेने त्याने अर्ज केला. नकार आला.

कचेरीतली ग्वेंडा कळवळली. “अरे, तुझं घर मोकळं करायला मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवते ना!”

“नको गं. म्हातारी खडूस होती. परक्याने तिची कपाटं उघडलेली तिला खपायचं नाही.”

“मग भांड की साहेबांशी! तोंड शिवलंय का तुझं?”

“कोणत्या तोंडाने भांडू? लोकांना नियम मीच सांगत आलो.”

काय म्हणावं असल्या माणसाला! चार दिवसांत त्याने स्वतःचं घर स्वतःच्या हाताने रिकामं केलं, कागदावर ‘व्हॉइड’ लिहिलं आणि टेकडीवरच्या एका खोलीत राहायला गेला. तिथे बोलायला कुणी नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी कामावरून सुटल्यावर त्याने नेहमीच्या दुकानातून तळलेला मासा नि बटाटे घेतले, सवयीने दोघांपुरते. बस जुन्या गल्लीतून निघाली. घराच्या पुढच्या खिडकीत पांढरेशुभ्र पडदे दिसले. विल्फने बस थांबवायची घंटी दाबली, उतरला, फाटक ढकलून दारापर्यंत गेला.

“आई, मासे आणलेत गं,” म्हणत त्याने किल्लीसाठी खिशात हात घातला. किल्ली सोमवारीच त्याने सही करून ग्वेंडाकडे दिली होती.