पगार घराचा, ओव्हरटाइम गाडीचा

आमच्या घरात एकच कायदा होता आणि तो मीच केला होता: पगार घराचा, ओव्हरटाइम गाडीचा. यजमान पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूममध्ये होते, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. चिंचवडला दोन खोल्या भाड्याच्या, आणि शेजारी घरमालकाच्या रिकाम्या गोठ्यात ही माझी सवत. इंग्लिश बनावटीची, आमच्याहून थोडीच तरुण, बदली होऊन गेलेल्या एका साहेबाकडून मातीमोल भावानं घेतलेली. मातीमोल म्हणजे काय ते घेताना कळत नाही. नंतर टायर लागतात.

सुरुवातीला माझी तक्रार नव्हती. आजूबाजूला कंपन्या धडाधड उभ्या राहत होत्या, ओव्हरटाइम मागितला की मिळायचा. आठवडाभर मशिनपुढं उभा राहणारा माणूस सुट्टीच्या दिवशी पुन्हा मशिनखालीच जाऊन झोपतो, याचं मला हसू यायचं. गाडीखालून त्यांचे फक्त पाय दिसायचे, चहा मी त्या पायांपाशी ठेवायची. पुण्याच्या जुन्या बाजारात न मिळालेला पार्ट ते स्वतः बनवायचे. इंजिन मनासारखं चालू लागलं की मला बाहेर बोलावून म्हणायचे, "ऐक." त्यातलं मला काडीचं कळत नव्हतं, पण त्यांचा चेहरा कळायचा. एकदा देहूला गेलो, जाताना गाडीतून आणि येताना निम्मी वाट ढकलत. त्याही दिवशी मी हसलेच होते.

पुढं ओव्हरटाइम आटला. गाडीची भूक काही आटली नाही. आधी "या महिन्यापुरतं" म्हणून पगाराला हात लागला, मग दिवाळीच्या बोनसला. मी बोलले की म्हणायचे, "अगं, विकायची वेळ आली तर सगळं वसूल होईल." हे वाक्य मी घट्ट धरून ठेवलं, कारण मला घर हवं होतं. म्हातारपणी कुणाच्या दारात भाडेकरू म्हणून उभं राहायचं नाही, एवढंच माझं मागणं होतं. बंगला नको होता, स्वतःची कडी असलेलं दार हवं होतं.

थेरगावात तेव्हा शेतंच होती. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला रस्त्याकडेचे दोन गुंठे द्यायचं कबूल केलं. शाळेतल्या भिशीत माझा नंबर लागला, ते सगळे पैसे मी इसार म्हणून त्यांच्या हातावर ठेवले. उरलेली रक्कम गाडी विकून द्यायची. यजमान हो म्हणाले. पुन्हा सांगते, हो म्हणाले. म्हातारबाबा सरळ माणूस. "बाई, दसऱ्यापातुर आमी थांबतो," ते म्हणाले. "त्याच्या म्होरं न्हाई जमायचं. दुसरं गिऱ्हाईक हाय."

गाडीला गिऱ्हाईक मिळालं ते जुन्या गाड्यांची हौस असलेले पुण्याचे एक वकील. कोर्टाला सुट्टी म्हणून त्यांनी खंडेनवमीचा दिवस धरला.

खंडेनवमीला हत्यारं पुजायची आणि पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. कंपनीतसुद्धा मशिनं पुसून, हार घालून बंद ठेवायचे. सकाळी यजमानांनी पाटावर नटबोल्टचे पाने, पक्कड आणि गाडी सुरू करायचं हँडल मांडलं, हळदकुंकू वाहिलं. गाडीलाही झेंडूचा हार घातला. मला वाटलं, निरोप देतायत, देऊ देत.

वकील आले, गाडीभोवती फिरले, खूश दिसले. म्हणाले, "जरा सुरू करा, आवाज ऐकू."

"आज नाही," यजमान म्हणाले. "पूजा झालीय. आज मशिन फिरवत नाही आम्ही. उद्या या."

"उद्या दसऱ्याचं मला कसं जमेल? दुसरी एक गाडी बघून ठेवलीय मी. ही नाही तर ती."

"आज नाही."

मी दारात उभी होते. परक्या माणसापुढं नवऱ्याला कधी बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. "अहो, एकदा मारा ना हँडल. देव समजून घेईल." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. वकील चहा न घेताच गेले.

एरवी देवळाची पायरी न चढणारा माझा नवरा! दसरा गेला तसे म्हातारबाबा स्वतः येऊन इसार परत देऊन गेले. "मनाला लावून घिऊ नगा, बाई," म्हणाले. त्यांच्या चांगुलपणाचासुद्धा मला राग आला. नंतर गुंठ्याचे भाव असे पळाले की आमचा पगार मागं दमून बसला. इसाराचे पैसे सासूबाईंच्या आजारपणात गेले.

त्या दिवसानंतर यजमानांनी गाडी बाहेर काढली नाही, वर ताडपत्री टाकली. मी समजले, पश्चात्ताप झालाय. पण मी विरघळले नाही. या माणसाचा जीव तिच्यावर आहे, माझ्यावर नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं आणि त्या रागावर पुढची वर्षं काढली. शेवटी भंगारवाला तिला टेम्पोला बांधून ओढत घेऊन गेला. हँडल तेवढं यांनी ठेवून घेतलं.

ऐंशी साल उलटलं आणि घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं. आमच्या खोल्या त्यांना हव्या होत्या. भाडं परवडेल अशी एकच खोली मिळाली, तीही आणखी लांब. यांच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. टेम्पो दसऱ्याला सकाळी येणार होता, म्हणून बांधाबांध आदल्या दिवशी, खंडेनवमीला. भांड्यांची मांडणी तेवढी भिंतीवरून काढायची राहिली. हत्यारं पाटावर पुजलेली होती, हँडलसकट.

"मांडणी काढता ना?" मी म्हटलं.

"आज नको. हत्याराला हात लावायचा नाही."

भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं. पाटावरचा कुंकू लागलेला स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि स्टुलावर चढले. ते गाठोड्यावर बसून होते. थोड्या वेळानं म्हणाले, "त्या दिवशी हँडल मारलं असतं तरी ती सुरू झाली नसती."

माझा हात थांबला.

"आठवडाभर आधीच रस्त्यात तापली आणि इंजिनच्या ब्लॉकला तडा गेला. तू शाळेत होतीस. कंपनीतल्या दोघांनी ढकलत आणून लावली. तो पार्ट काही मला बनवता येण्यातला नव्हता. तू इसार देऊन बसली होतीस, तुला काय सांगू?"

"मग पूजा?"

"वकिलांना काय सांगायचं ते सुचेना. पूजेचं तेवढं सुचलं."

इतकी वर्षं मी धरून चालले होते की माझं घर गेलं ते निदान त्यांच्या जिवापाड आवडीपायी. म्हणजे आमच्यातल्या एकाला तरी काही मिळालं होतं. पण तसं कुणालाच काही मिळालं नव्हतं. रागवायलासुद्धा मला आता काही उरलं नव्हतं, आणि रागाशिवाय मी फार म्हातारी झाले.

"मग आज का नको म्हणालात?" मी विचारलं.

"तेव्हा देवाचं नाव घेऊन खोटं बोललो ना," ते म्हणाले. "तेव्हापासून खरंच पाळतो."

मी उरलेले स्क्रू काढले. मांडणी धरायला मात्र ते उठले.