केणेबाईंची गेरूची रेघ

"कल्याणहून येताना खाडी लागली असेल. भरती होती का ओहोटी?" केणेबाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. भिवंडीच्या शाळेत मी नुकतीच इंग्रजी शिकवायला रुजू झाले होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, थेम्सच्या काठी लंडन कसं वाढलं यावर मी पानभर लिहू शकले असते. खाडीकडे मात्र पाहिलंच नव्हतं, बसमध्ये वाचत बसले होते. "मग उद्या बघून या," बाई म्हणाल्या आणि आपल्या डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी माझ्या पोळीवर वाढली.

बाई इतिहास-भूगोल शिकवत. मूळच्या खारबावच्या, खाडीकाठी भात पिकवणाऱ्या घरातल्या. शहराचा धडा आला की मुलींना थेट बंदर मोहल्ल्यात नेत. "इथवर भाताचे मचवे यायचे. लूम, हे कापडाचे माग, नंतर आले, आधी हे बंदर होतं," असं सांगत. शेलार गावाकडून कामवारी नदी येते, समोरून खाडीची भरती चढते आणि दोन्ही पाणी एकाच वेळी आली की गावात शिरतात, हे त्यांनी दोन पिढ्यांना शिकवलं. शिकून आपण काय केलं? खाडीकाठचं दलदलीचं खाजण भरलं, तिवरं तोडली, वर गोदामं बांधली. नदीत डाइंगच्या कारखान्यांचं रंगीत पाणी सोडलं. आणि पूर आला की पावसाला शिव्या दिल्या.

पूर ओसरला की बाई गेरूचं डबडं आणि कुंचला घेऊन निघत. पाणी भिंतीवर जिथवर चढलं असेल तिथे लाल रेघ ओढत. नदीकाठच्या एका चाळमालकाने त्यांना अडवलं, तेव्हा मी सोबत होते.

"मॅडम, ये लाइन देखके भाडोत्री भाग जाते हैं."

"भागने दो. तैरना आता है क्या उनको?"

तो हसला आणि बाजूला झाला. पुढे खोल्या भाड्याने द्यायच्या वेळी त्याने त्या रेघेवर चुना फासला.

एका पुरात आमचं तळमजल्याचं घर बुडालं. बाईंनी आम्हाला खारबावला बहिणीच्या माडीवर ठेवून घेतलं. माझी लेक तापाने फणफणली होती, तिच्या उशाशी त्या बसून राहिल्या. पाणी उतरल्यावर आमच्याही भिंतीवर त्यांनी रेघ ओढली आणि लेकीला शेजारी उभं केलं. रेघ तिच्या डोक्याच्या वर होती. मला ते अजून आठवतं.

शाळेच्या तळमजल्यावरच्या सभागृहातही तशीच रेघ होती. तिच्याकडे बोट दाखवून, भांडून, बाईंनी बालवाडी वरच्या मजल्यावर हलवायला लावली. त्या निवृत्त झाल्या तरी बालवाडी वरच राहिली. आता शाळा चालवणाऱ्या संस्थेला वर कार्यालय थाटायचं आहे, म्हणून जूनपासून मुलं खाली येणार. आणि बाईंच्या पंचाहत्तरीच्या सत्कारासाठी सभागृह रंगवलं, त्यात रेघही गेली. मी विचारलं, तर गौरव समितीचे एक सदस्य म्हणाले, "अहो मॅडम, बाईंच्याच फोटोत मागे ती लाल रेघ आली असती. बरं दिसतं का?"

म्हणजे बाईंचं काम पुसायचं, वर त्यांनाच हार घालायचा. मला याची चीड येते, आणि ती गिळून गोड आठवणी लिहिणं मला जमणार नाही. गौरव अंकात हे छापायचं नसेल तर लेख परत करा.

बाईंना मी फोन केला. चिडल्या की त्या खारबावच्या बोलीत जातात.

"रेघ पुसली म्हंजे पानी यायचं थांबतंय का गो? रेघ मी परत मारीन. पोरांना खाली आनू नका म्हनावं."

"पण सत्काराला येणार ना तुम्ही?"

"पोरं वर ऱ्हायली तं येन. न्हाय तं न्हाय. ती शाल घाला म्हनावं संस्थेच्या अध्यक्षांनाच, कार्यालयात एसी लावतायत ना."

बाईंची तब्येत उत्तम आहे. गुडघे सोडले तर तक्रार नाही, आवाज तर तुम्ही आत्ताच ऐकलात. त्यांनी शंभरी पाहावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण दीर्घायुष्य बालवाडीतल्या त्या पोरांनाही हवं आहे. त्यांना वरच राहू द्या. मग बाई येतील.