नऊदा तापवलेली झारी

बिदा गावच्या तांबट आळीत त्साडोचं नावच ‘उद्या ये’ पडलं होतं. घाईचं काम नेलं की तो एवढंच म्हणायचा. वाकलेलं पितळ सरळ करण्यात त्याची हयात गेली होती, आणि त्याच्या हातून एकच भांडं मोडलं होतं: सासऱ्यासमोर मिरवायला, न तापवताच ठोकलेली झारी. झारी बायकोची. तिने मरेपर्यंत ते विसरू दिलं नाही.

आता त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पितळ मऊ झालं की मंद लाल दिसतं. तो रंग कळावा म्हणून तांबट भर दुपारीही खोपटाचं दार लावून घेतात. त्साडोला तो रंग दिसेनासा झाला होता.

गुरुवारी रमातू झारी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी तिच्या लेकीचं लग्न. नवरीच्या भांड्यांत सर्वांत पुढे तिच्या आजोळची झारी लागते, आणि डाग देऊन जोडलेली चालत नाही. मोटरसायकलखाली येऊन हिची तोटी गळ्याशी पार मुडपली होती.

“त्साडोकाका, ‘उद्या ये’ म्हणालात तर इथून हलणार नाही.”

“बस मग. आज होईल.”

“दादा, मला दे,” धाकटा भाऊ सबा म्हणाला. “तुला ऐरण कुठली नि गुडघा कुठला ते तरी दिसतं का?”

“गुडघा ओरडतो. नमाज पढून येतो, तोवर हात लावू नकोस.”

परत आल्यावर त्याने तोटीवर नख वाजवलं. आवाज बसका आला.

“कोणी ठोकलं?”

“एकच ठोका, दादा.”

“गार असताना?”

त्साडोचं बोट तोटीवरून फिरलं. गळ्याशी केसाएवढी रेघ लागली, अजून आरपार न गेलेली. सबाच्या कानाखाली वाजवावी असं त्याला फार वाटलं. पण सासऱ्यासमोर त्याने तरी दुसरं काय केलं होतं?

“दार लाव. भाता मार.”

रंग दिसत नव्हता, म्हणून त्याने तापलेल्या तोटीवर ज्वारीचं धाट घासलं. नुसता धूर आला की अजून कच्चं. धाट सरकन घसरून काळी रेघ उठली की झालं. मग तोटी निवेपर्यंत थांबायचं, कारण गरम पितळही फुटतं. कोरडी वाळू ठासून भरायची, लाकडी मोगरीने चार हलक्या टिचक्या द्यायच्या, वाळू काढायची आणि पुन्हा भट्टी. असं नऊ वेळा. सहाव्या वेळी त्याचा खांदा भरून आला, तरी मोगरी त्याने कोणाला दिली नाही.

नखभर बाक उरला.

“आता एकच, दादा, की झाली सरळ!”

मोगरी वर गेली. सासऱ्यासमोर, तेव्हाही एकच ठोका उरला होता. त्याने मोगरी खाली ठेवली.

“अहो काका, थोडी वाकडीच राहिली की,” रमातू म्हणाली.

“वाकडी आहे, पण अख्खी आहे. पाणी घाल.”

तिने झारी भरून कलती केली. त्साडोने तोटीच्या गळ्याखाली, रेघ होती तिथे, तळवा धरला. तोटीच्या टोकातून पाण्याची धार पडली, थेट त्याच्या पायांवर. तळव्यावर थेंबही आला नाही. रमातू रडायलाच लागली.

त्साडोने तो तळवा सबाच्या नाकासमोर धरला. “कोरडा आहे. तुला दिसतंय ना?”