तुपाचा चमचा

वरणभातावर तूप वाढताना आईचा हात माझ्या ताटापाशी येऊन थबकला. बाबांच्या भातावर तिने चमचा बोलता बोलता रिता केला होता. शरीरसौष्ठव स्पर्धेच्या तयारीत मी हल्ली प्रत्येक पदार्थ वजन करून खाते. स्नायूंना काय हवे आणि किती पुरते, हे मला शास्त्राने नेमके शिकवले आहे.

“तिला नको वाढूस, स्टेजवर घसरेल,” बाबा म्हणाले.

आई हसली नाही. चमच्याच्या टोकावर मसुराएवढे तूप घेऊन तिने विचारले, “एवढंसं चालेल का गं?”

तो स्वर माझ्या ओळखीचा होता. आजोबांच्या अखेरच्या दुखण्यात ती डॉक्टरांना याच स्वरात विचारत असे, की थोडी पेज चालेल का? पोटच्या मुलीला वाढायला तिला परवानगी लागावी, आणि ती देण्याचा अधिकार मी कधी घेतला हे मला कळूही नये! शिस्त म्हणून जे चारचौघांत मिरवले, त्याची विलक्षण लाज वाटली. संयम माझा होता. उपास मात्र तिच्या हातांना घडत होता.

“वाढ ना, आई. नेहमीसारखं.”

तिने चमचा काठोकाठ भरून वर आणला, माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि अर्धा पुन्हा भांड्यात ओतला.