शेवटची काच

श्री. गोपाळराव चिंदरकरांशी माझी ओळख भांडणाने झाली. कॉलेज संपवून मी जव्हारला मुलींच्या शाळेवर नुकतीच रुजू झाले होते. शाळेचे छायाचित्र काढायला ते आले. मुलींचे काम झाल्यावर त्यांनी कॅमेरा रस्त्याकडे वळवला आणि मोळी घेऊन चाललेल्या एका बाईचे चित्र घेतले. आमच्या वेळेत हे काय चालले आहे, असे मी दरडावून विचारले. ते शांतपणे म्हणाले, “बाई, तुमचे काम पुरे झाले. पेटीतली शेवटची काच माझी असते. ही अट मी आधीच सांगतो. तुम्ही लक्ष दिले नाहीत.”

खरेच दिले नव्हते.

त्या काळी छायाचित्र आधी काचेवर उतरे, मग तिच्यावरून कागदावर हव्या तेवढ्या प्रती छापत. दरबारी समारंभ असो, लग्न असो, चिंदरकर गिऱ्हाइकाचे काम चोख करीत आणि उरलेली एक काच घेऊन बाजारात जात. मोखाड्याच्या बाजारात तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून ते तासभर नुसते उभे राहत. लोक पाहून पाहून कंटाळत, आपापल्या कामाला लागत, आणि मग ते काळ्या फडक्यात शिरत. पोटाच्या कामाला त्यांनी कधी तुच्छ मानले नाही. स्वतःच्या कामासाठी कोणाची दयाही मागितली नाही.

शाळेच्या खिडक्यांच्या काचा फुटलेल्या होत्या. गिऱ्हाइकांच्या बिघडलेल्या काचा सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन ते आम्हांला तावदानासाठी देत. चित्र निघून जाई, स्वच्छ काच उरे. बाजारातली काच मात्र त्यांनी कधी धुतली नव्हती.

एका दुपारी मी त्यांच्या स्टुडिओत बसले होते. नुकतेच छापलेले एक चित्र ओले होते, ते त्यांनी मला दाखवले. वावर गावचा एक माणूस बाजारात वाकून बायकोच्या पायातला काटा काढतो आहे, तिने तोल सावरायला त्याच्या डोक्यावर हात ठेवला आहे, आणि ती हसते म्हणून त्याने मान वर केली आहे. इतके चांगले चित्र आपल्या हातून पुन्हा होणार नाही, असे ते म्हणाले. ते स्वतःविषयी असे कधीच बोलत नसत.

एवढ्यात सागाचा ठेकेदार आला. हा बाहेरगावचा गृहस्थ. त्याच्या लाकडाच्या चित्रांवर चिंदरकरांचे निम्मे वर्ष चाले. बरोबर मुकादम होता, डोक्याला पट्टी बांधलेला. त्याने रानात एका बाईला लाथ घातली होती, तिच्या नवऱ्याने त्याला काठीने झोडपले होते, आणि दोघे पळाली होती. मुकादमाची नजर चित्रावर गेली.

“शेट, ह्योच तो.”

ठेकेदार खूश झाला. चेहरा हाती लागला म्हणजे प्रत्येक नाक्यावर एकेक प्रत पाठवता येईल, असे म्हणून त्याने प्रतींची मागणी केली. चिंदरकर एवढेच म्हणाले, “कागद ओला आहे. सकाळी या.” ठेकेदार गेला, पण मुकादमाला ओट्यावर पहाऱ्याला बसवून गेला.

तुम्ही देणार का, असे मी कडक आवाजात विचारले.  त्यांनी आतल्या चुलीवर पाणी ठेवले आणि ते ओले चित्र जाळात सारले. मग काच उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

“बाई, तुम्हांला उत्तरेच्या खिडकीला काच हवी होती ना?”

पाण्यात सोडा पडला. आधी ती बाई सुटली, मग तो माणूस.

काच पदराने पुसून मी बाहेर पडले. मुकादमाने विचारले, “काच कुटं नेता?” मी म्हटले, शाळेच्या खिडकीला. त्याने पाय आखडून वाट दिली. “जपून न्या, बाई.”

सकाळी चिंदरकरांनी ठेकेदाराला खरे ते सांगितले. त्याने काम काढून घेतले, ओळखीच्यांनाही बजावले. त्या वर्षी चिंदरकरांना स्टुडिओची पुढची खोली वाण्याला भाड्याने द्यावी लागली. 

पुढे ठेकेदार हे रान सोडून गेला. काही वर्षांनी ती दोघे मोखाड्याच्या बाजारात भेटली. मी तेथे होते. बाईने चिंदरकरांना ओळखले.

“आमचा फोटू कसा आला रं?”

“नीट आला नाही.”

“मंग तवा येवढा येळ कशाला उभा व्हतास?”

नवरा हसला. मी सांगणार, तोच चिंदरकर माझ्याकडे वळून म्हणाले, “चला बाई, बाजार उठेल.” मी गप्प बसले. ती माझी सवय नव्हे. पण साठ वर्षांच्या माणसाने थोडी स्तुती सोसावी, म्हणून आज सांगितले.

या गौरवग्रंथात त्यांची उत्तम चित्रे आहेत. ते एक नाही. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी शाळेत यावे आणि उत्तरेच्या खिडकीपाशी उभे राहावे. तेथून रस्ता दिसतो, त्यावरून माणसे मोकळी येतात-जातात.

चिंदरकरांची नजर अशीच स्वच्छ राहो, मोखाड्याचा घाट चढण्याचे बळ त्यांच्या पायांत पुष्कळ वर्षे असो, आणि दर कामाअंती त्यांच्या पेटीत एक काच उरो.