फिरता ठोकळा

पांढरकवड्याच्या अय्यूब मिस्त्रींचा जन्म ट्रकांच्या बॅटऱ्या आणि डायनामो दुरुस्त करण्यात गेला. मुलगी फरहाना त्यांच्याच हाताखाली शिकली. यंत्र चालतं की नाही एवढंच पाहायचं, दिसतं कसं ते पाहायचं नाही, हे तिच्या अंगात तिथेच मुरलं. नोकरीत तिला त्रास झाला तो याच सवयीमुळे.

साल २००७. कापसाच्या संकटाची पाहणी करायला दर आठवड्याला जीपा भरभरून माणसं जिल्ह्यात येत होती. नागपूरच्या अशाच एका संस्थेने शोध लावला की इथल्या शेतकऱ्याला कमी आहे ती फक्त माहिती. मग मुकुटबनला एक माहिती केंद्र निघालं. कुठल्याशा कचेरीने टाकून दिलेले पाच जुने संगणक आले, त्यांत लिनक्स भरलं गेलं आणि फरहाना तिथे ऑपरेटर झाली.

लिनक्सबद्दल तिची काही तक्रार नव्हती. फुकट होतं, व्हायरसची कटकट नव्हती. चीड होती ती त्यावर चढवलेल्या डेस्कटॉपची. म्हाताऱ्या बैलाला पोळ्याची झूल घालून तसंच नांगराला जुंपावं, तसा तो प्रकार होता. एका पडद्याचे चार करून ते एका ठोकळ्याच्या चार बाजूंना चिकटवलेले, आणि एक कळ दाबली की तो ठोकळा गरगर फिरायचा. पडद्यावरची खिडकी सरकवली की खरवसासारखी थुलथुलायची, बंद केली की ज्वाळा उठून जळून जायची. हे सगळं दोनशे छप्पन्न एमबीच्या तुटपुंज्या मेमरीवर. संगणक सुरू व्हायला सात मिनिटं, बाजारभावाचं पान उघडायला आणखी चार. उघडलं तरी मराठी अक्षरं फुटलेली, मात्रा भलत्याच जागी लटकलेल्या. तिने संस्थेच्या नागपूरच्या इंजिनिअरला फोन केला. त्याने तिला नवी फीचर्स समजावून सांगितली. आता खिडकीवर पाऊसही पाडता येतो म्हणाला. गावात दिवसाचे कितीतरी तास लाईन नसते, दर वेळी सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं, हे तिने सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, थोडा पेशन्स ठेवा."

डिसेंबरात एका सकाळी जवळच्या तांड्यावरचे धावजी आले. बाहेर कापसाने भरलेला टेम्पो उभा होता. पांढरकवड्याला आज खरेदी चालू आहे की बंद, एवढंच त्यांना हवं होतं. फरहानाने संगणक लावला. धावजी टोपी मांडीवर ठेवून बसले. पडदा उजळला, पान उघडेना; घाईत तिचा हात चुकीच्या कळेवर पडला आणि ठोकळा फिरायला लागून अर्ध्यात अडकला. धावजींनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

"हे फिरून राह्यलं ते चांगलं आहे, बाई," ते म्हणाले. "पण खरेदीचं काहून नाही सांगत?"

तेवढ्यात लाईन गेली. धावजी आणखी थांबले नाहीत. पांढरकवड्याला खरेदी बंद होती. रात्रभर त्यांचा टेम्पो बाजाराच्या आवाराबाहेर उभा राहिला, दुसऱ्या दिवशी माल न विकताच परतला. ते केंद्रावर भांडायला आले असते तर फरहानाला बरं वाटलं असतं. ते पुन्हा आलेच नाहीत.

त्या रविवारी ती घरी गेली नाही. एका मासिकाबरोबर आलेली सीडी तिच्याकडे होती, तीत एक हलका डेस्कटॉप होता. पाचही संगणकांवरून तिने ठोकळा, ज्वाळा, थुलथुल सगळं काढून टाकलं आणि मराठीचा नीट फॉन्ट बसवला. उरला एक करडा पडदा, खाली एक पट्टी, तीन चित्रं. दीड मिनिटात संगणक सुरू, वीस सेकंदांत भाव. ते भाव ती रोज सकाळी खडूने दाराबाहेरच्या फळ्यावर लिहायला लागली. टेम्पोवाले गाडीतून न उतरता वाचून जाऊ लागले.

फेब्रुवारीत संस्थेचे साहेब चार पाहुणे घेऊन आले. फळ्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. साहेबांनी पाहुण्यांना वाटेतच ठोकळ्याचं वर्णन केलेलं होतं. करडा पडदा पाहून त्यांचा चेहरा उतरला. हे काय सरकारी कचेरीसारखं, त्यांनी विचारलं.

"साहेब, लोक इथं भाव पाहायले येतात," फरहाना म्हणाली. "तमाशा पाहायचा असला तर जत्रेत जातात."

आठ दिवसांनी मेमो आला: यंत्रणेत अनधिकृत फेरफार. तिने उत्तरात फक्त आधीची आणि नंतरची मिनिटं लिहून पाठवली. इंजिनिअर आला, ठोकळा बसवून गेला. तिने दुसऱ्या दिवशी तो काढला. महिन्याने इंजिनिअर पुन्हा आला, तिने पुन्हा काढला. तिसऱ्या खेपेला इंजिनिअर खुर्चीत बसला, करडा पडदा सुरू केला, घड्याळ पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाला की घरी तोही हेच वापरतो. मग त्याने ठोकळा बसवला आणि नागपूरची बस पकडली. फरहाना सांगते, साहेबांचा तिला राग आला होता, या माणसाची मात्र किळस आली.

वर्ष संपता संपता अनुदान संपलं. संस्था दुसऱ्या जिल्ह्यात दुसरं संकट पाहायला निघून गेली. संगणक पोत्यांत बांधून नेले, ते कुठे गेले कोणाला ठाऊक नाही.

फरहाना पांढरकवड्याला परतली. पुढच्या जूनमध्ये उमरखेडच्या एका शाळेतून बोलावणं आलं. बारा संगणक दोन वर्षं कपड्याखाली झाकून ठेवलेले होते. मुख्याध्यापक म्हणाले, सगळे भंगार आहेत. ती एसटीने गेली, तीन दिवस धर्मपाल नावाच्या शिक्षकाच्या घरी राहिली आणि त्यांतले नऊ चालू करून दिले. निघताना मुख्याध्यापकांनी विचारलं की पडदा जरा रंगीत करता येईल का. ती म्हणाली, येईल. आणि न करता बसस्टँडवर गेली.