बाजूला काढलेली डिस्क

लोणखेड्याच्या आमच्या कॉलेजातल्या सर्व्हरवर तोरणमाळच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या पावरी बोलीतल्या गोष्टी रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. सांगणारे निम्मे आता हयात नाहीत. त्यातल्या दोन डिस्कवर एकाच वेळी तेच साठत असे. सिस्टिम अपग्रेड करायला शहाद्याहून आलेल्या माणसाने आधी एक डिस्क काढली, पिशवीत घातली, वर तारीख लिहिली आणि माझ्या हातात दिली.

"दोन्हीवर सारखंच आहे, मग भीती कसली?" मी विचारलं.

"सर, चूक व्हयनी ते ती बी दोन्हीसवर सारखीच व्हस." एकीवरचं पुसलं गेलं की दुसरीवरचंही जाणार, असं त्याचं म्हणणं.

अपग्रेडनंतर आतली डिस्क रिकामी दिसली. मी घाबरलो. तो माझ्या हातातली डिस्क घेऊन जोडू लागला. थोड्या वेळाने रेकॉर्डिंगमधल्या एका म्हातारीचा आवाज आला. मी सुटकेने उठलो, तेव्हा त्याने हातानेच बसायला सांगितलं. गोष्ट संपेपर्यंत तो मान खाली घालून ऐकत राहिला. पावरी त्याला येत नव्हती.